न जन्मलेल्यांच्या नावावर

कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी खंडोबाचं जुनं देऊळ आहे आणि मी त्याचा एक विश्वस्त आहे. सभामंडपाचं काम निघालं, वर्गणी कमी पडली, तेव्हा बैठकीत कुणीतरी सुचवलं की पतसंस्थेकडून कर्ज उचलू, दोन यात्रांत फिटून जाईल. मी सांगितलं की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36-अ प्रमाणं धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय विश्वस्तांना देवस्थानासाठी कर्ज काढता येत नाही. बैठकीला गावातले एक वडीलधारे मामा होते. ते म्हणाले, "दादा, काम देवाचं, पैसा देवाचा. मधी सरकार कशाला पाहिजे?"

हाच प्रश्न मी नोकरीत असतानाही ऐकलेला आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या लेखा शाखेत माझी उमेदीची वर्षं गेली. कर्जाचा विषय सर्वसाधारण सभेत आला आणि त्याला राज्य सरकारची मंजुरी लागते असं सांगितलं की नगरसेवक चिडायचे. "गाव आमचं, नळयोजना आमची, फेडणार आम्ही. मंत्रालयाचा संबंध काय?" त्यांच्या चिडण्यात स्वाभिमान होता आणि मला त्याचा आदर वाटायचा. पण "फेडणार आम्ही" हे खरं नव्हतं. सभागृहाची मुदत पाच वर्षांची, कर्जाची वीस-पंचवीस वर्षांची. फेडणारे बहुतेक जण त्या वेळी शाळेत होते, काही पाळण्यात होते, काही जन्मालाच यायचे होते. ज्यांच्या नावावर कर्ज चढत होतं, त्यांच्यातला एकही जण त्या सभेत हात वर करायला हजर नव्हता.

जो हजर नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याच्या नावावर कर्ज काढण्याचा अधिकार कुणाला, आणि किती? मला हा मुळात धर्माचा प्रश्न वाटतो. जमाखर्च त्याच्या मागून येतो.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर देवळातच आहे. आपल्या कायद्यानं देवाला व्यक्ती मानलं आहे. त्याच्या नावावर जमीन असते, तो दावा लावू शकतो. पण तो स्वतः सही करत नाही, म्हणून कायदा त्याला कायमचा अल्पवयीन धरतो. अल्पवयीनाची मालमत्ता सांभाळणाऱ्याचे अधिकार कुठवर जातात, हे 1856 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात ठरवलं. एका आईनं लहान मुलाच्या वतीनं मिळकत गहाण टाकली होती. निकाल असा की सांभाळणाऱ्याचा अधिकार मर्यादित आहे. खरी गरज असेल किंवा मिळकतीचं हित असेल, तेवढ्यापुरताच त्याला बोजा चढवता येतो. निकालातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: कर्ज देणाऱ्यानंही ती गरज खरी आहे का, याची चौकशी केली पाहिजे. 1875 मध्ये हाच नियम देवस्थानाच्या सेवेकऱ्यांना लागू झाला. खंडोबाचा विश्वस्त खंडोबाचा मालक नसतो.

शहराचं तसंच आहे. नांदेडची 2011 च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेपाच लाख, लातूरची पावणेचार लाखांच्या थोडी वर. पण नांदेड म्हणजे एवढीच माणसं नव्हेत. गोदावरीच्या काठी जी पुढं येणार आहेत तीही नांदेडच. त्यांची मिळकत आज आपल्या हातात आहे, आणि त्या मिळकतीवर बोजा चढवताना आपण विश्वस्ताच्या जागी असतो.

बापाचं कर्ज लेकानं फेडावं का, यावर आपल्याकडं जितका खोल विचार झाला आहे तितका क्वचितच कुठं झाला असेल, आणि त्याची एक मोठी जागा आमच्या शेजारीच आहे. लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून बीदर जिल्हा, त्यात बसवकल्याण. चालुक्यांची ती राजधानी. तिथं विक्रमादित्याच्या दरबारी विज्ञानेश्वरानं याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, आणि ती पुढं जवळजवळ साऱ्या देशात हिंदू कायद्याचा आधार बनली. त्यानंतरच्या काळात त्याच नगरीत बसवेश्वर बिज्जळ राजाच्या खजिन्याचे अधिकारी होते. कायक (श्रम हीच पूजा) आणि दासोह (कमाई वाटून घेणं) सांगणारा महापुरुष राज्याच्या तिजोरीचा हिशेब सांभाळत होता, याचं लेखा शाखेतल्या माणसाला किती बळ वाटतं, हे सांगता येणार नाही.

तर या परंपरेनं लेकावर बापाच्या कर्जाचं ओझं टाकलं खरं, पण मोकळं सोडलं नाही. बृहस्पतीच्या मते मुलानं बापाचं कर्ज व्याजासह फेडावं, नातवानं आजोबाचं फक्त मुद्दल फेडावं, आणि पणतूवर बंधन नाही. पिढी जसजशी लांब जाते तसतसं ओझं हलकं होत जातं आणि एका ठिकाणी संपतं. याज्ञवल्क्यानं आणखी पुढं जाऊन सांगितलं की काही कर्जं मुलानं फेडायचीच नाहीत. दारूसाठी काढलेलं, वासनेपायी काढलेलं, जुगारात गेलेलं, भरायचा राहिलेला दंड आणि जकात, आणि नाव मिळवण्यासाठी उधळलेलं वृथा दान. बापानं सावकाराला काहीही लिहून दिलेलं असो, लेकाला म्हणता येत होतं की हे कर्ज माझ्यावर येत नाही.

त्या यादीतलं शेवटचं कारण पुन्हा वाचावं. वृथा दान. मी पालिकेचे खर्चाचे कागद अनेक वर्षं हाताळले. स्वागतकमानी, सुशोभीकरण म्हणून बसवलेले आणि वर्षाच्या आत बंद पडलेले कारंजे, निवडणुकीच्या तोंडावर उरकलेले आणि पहिल्याच पावसात उखडलेले डांबराचे थर. याज्ञवल्क्याला नगरपालिका ठाऊक नव्हती, पण माणूस पक्का ठाऊक होता.

यापुढं जे घडलं त्यानं मला विचारात पाडलं. 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनं, 9 सप्टेंबर 2005 पासून, बापाच्या नव्या कर्जासाठी केवळ धर्मकर्तव्य म्हणून मुलाला, नातवाला, पणतूला धरण्याचा मार्ग बंद झाला. हे चांगलंच झालं. मराठवाड्यात सावकारी पाशात गेलेली घरं मी पाहिली आहेत. बाप गेल्यावर पोरगं आयुष्यभर वावरात राबलं आणि सगळं व्याजात गेलं, अशा कथा आमच्याकडं घरोघर आहेत. पण घरात सुटलेलं हे बंधन शहरात तसंच आहे. लातूरच्या गंजगोलाईत आज जन्मलेल्या लेकराला उद्या असं म्हणता येत नाही की ही कमान वृथा दान होती, तिच्या हप्त्याची घरपट्टी मी भरणार नाही. त्याला याज्ञवल्क्याचा बचाव नाही, बृहस्पतीची सवलत नाही, 2005 ची दुरुस्तीही नाही. वाडवडिलांनी त्याच्या नावावर जे लिहिलं ते त्याला फेडायचं आहे, नाहीतर गाव सोडायचं आहे. त्याच्यासाठी उभी असलेली एकमेव भिंत म्हणजे स्थानिक संस्थांच्या कर्जावर कायद्यानं घातलेली मर्यादा. म्हणून मी तिला पवित्र मानतो.

ही मर्यादा कशी आली तेही पाहण्यासारखं आहे. इंग्लंडच्या 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं गावसंस्थांना नळ आणि गटारांसाठी कर्ज काढू दिलं, पण कायमस्वरूपी कामांसाठीच. रक्कम करपात्र मालमत्तेच्या दोन वर्षांच्या मूल्यापेक्षा जास्त नको, आणि परतफेड साठ वर्षांच्या आत. म्हणजे मूळ विचार असा की पुढच्यांकडून पैसे घ्यायचे तर वस्तूही पुढच्यांपर्यंत टिकली पाहिजे. ब्रिटिश हिंदुस्थानात 1914 साली स्थानिक संस्थांच्या कर्जाचा कायदा झाला. आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण त्या कायद्यातली कारणांची यादी मला आजही वाचावीशी वाटते: संस्थेला करण्याचा अधिकार असलेली कामं, दुष्काळातलं सहाय्य, साथीच्या रोगाला आळा, आणि आधीच्या कर्जाची फेड. आज महाराष्ट्रात मुंबईबाहेरच्या महानगरपालिकांना 1949 चा कायदा लागू आहे. कर्ज काढायचं तर राज्य सरकारची मंजुरी हवी आणि कर्जाच्या अटी सरकारला मान्य व्हायला हव्यात. कर्जफेडीसाठी दरवर्षी रक्कम बाजूला काढायची, तिला कचेरीत सिंकिंग फंड म्हणतात. नांदेडच्या शीख बांधवांत कमाईचा दहावा भाग, दसवंध, खर्चाआधी बाजूला काढण्याची शिस्त आहे. खर्च झाल्यावर उरलं तर देऊ, असं तिथं चालत नाही. सिंकिंग फंडात पैसे न टाकणाऱ्या प्रत्येक लेखापालानं एकदा सचखंड हुजूर साहिबला जाऊन ही शिस्त समजून घ्यावी.

नांदेडचं उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं, कारण तिथं प्रश्न सोपा नव्हता. 2008 मध्ये गुरू ग्रंथ साहिबांच्या गुरुता गद्दीला, म्हणजे त्यांना गुरुपद मिळाल्याला, तीनशे वर्षं होत होती. देशभरातून यात्रेकरू येणार होते. केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण अभियानात नांदेडची निवड झाली होती. दहा लाखांखालच्या शहरांसाठी त्यात साधारण वाटणी अशी होती: 80 टक्के केंद्र, 10 टक्के राज्य, 10 टक्के महापालिका. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण शंभर कोटींच्या कामाला ते दहा कोटी होतात, आणि 1997 साली जन्मलेल्या, स्वतःचं उत्पन्न तोकडं असलेल्या महापालिकेला ते कुठून आणायचे हा घोर असतो. तरी मी त्या खर्चाच्या बाजूनं आहे. रस्ते, पूल, गटारं, पाणी ही कामं त्या उत्सवापुरती नव्हती. आज नांदेडला जाणारा नातू त्याच पुलांवरून जातो. त्यासाठी थोडा बोजा त्याच्या वाट्याला आला तर अन्याय नाही. गरज आणि मिळकतीचं हित, दोन्ही कसोट्यांवर ते काम उतरतं. मात्र अशा प्रत्येक कामाचा देखभालीचा खर्चही कर्जाइतकाच पुढच्यांच्या नावावर चढतो, आणि तो मंजुरीच्या प्रस्तावात कधीच नीट मांडलेला नसतो. ही उणीव मला सलते.

याची दुसरी बाजू म्हणजे सूट. निवडणूक आली की घरपट्टी वाढवायची नाही, शास्ती माफ करायची, नळपट्टीकडं काणाडोळा करायचा. लोकांना दिलासा मिळतो, पण उत्पन्नातला तो खड्डा पुढं कर्जानं भरला जातो. इथं मला तुकोबांची आठवण होते. त्यांनी लोकांकडून येणं असलेल्या पैशांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण चरित्रकार सांगतात की आधी धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खतं त्यांनी वेगळी करून दिली आणि फक्त स्वतःची बुडवली. केवढं मोठं भान आहे हे. वैराग्य स्वतःच्या वाट्याचं करावं, भावाच्या वाट्याचं करू नये. पुढच्या पिढीचं येणं माफ करून टाकणाऱ्या सभागृहांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आता कायद्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कर्जाबद्दल. माझ्या मते सगळ्यात मोठं पाप तिथं आहे. मर्यादा लागते ती कागदावरच्या कर्जाला, ज्याला ठराव आहे, मंजुरी आहे, व्याजदर आहे. पण पाणीपुरवठ्याच्या पंपांचं वीजबिल वर्षानुवर्षं थकवलं, धरणातून उचललेल्या पाण्याचे पैसे पाटबंधारे खात्याला दिले नाहीत, ठेकेदारांची बिलं साठत गेली, निवृत्त सफाई कामगाराची ग्रॅच्युइटी तीन-तीन वर्षं अडकली, तर ते कर्ज म्हणून कुठंच मोजलं जात नाही. त्याला कुणाची मंजुरी लागत नाही, त्याची मुदत ठरत नाही, त्यासाठी एक रुपया बाजूला काढला जात नाही. 1999 मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तिच्या जागी सरकारी अनुदान आलं, ते बहुतेक पगारात संपायचं, आणि बाकी सगळं थकबाकीच्या रकान्यात सरकायचं. मी स्वतः ते रकाने भरलेले आहेत. ज्यानं आयुष्यभर गावाची गटारं उपसली, तो आपल्या हक्काच्या पैशासाठी माझ्या टेबलासमोर उभा राहायचा, तेव्हा गावानं त्याच्याकडूनच बिनव्याजी कर्ज घेतलेलं असायचं. त्याला न विचारता. दुबळ्याकडून काढलेलं कर्ज सावकाराच्या कर्जापेक्षा अधिक अधर्माचं आहे, असं मी मानतो.

मग कर्ज काढूच नये का? लातूरकर असं म्हणू शकत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी. पुढं महिनोन्महिने त्या गाड्या येत राहिल्या. मे महिन्यात रेल्वेनं जिल्हा प्रशासनाला सुमारे 4 कोटींचं बिल पाठवल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा लोकांना वाईट वाटलं. मला त्या बिलापेक्षा मोठं देणं दिसत होतं. वेळेवर दुसरा पाणीस्रोत जोडला नाही, गळती थांबवली नाही, भूजल उपसू दिलं, ऊस वाढू दिला, हेही आधीच्यांनी नंतरच्यांच्या नावावर लिहून ठेवलेलं कर्जच होतं. त्याची फेड बायकापोरांनी रात्री-अपरात्री घागरी घेऊन रांगेत उभं राहून केली. प्रिव्ही कौन्सिलच्या भाषेत गरज समोर उभी असताना सांभाळणारा गप्प बसला, तर तोही मिळकतीचं नुकसान करतो. टिकाऊ पाणीयोजनेसाठी, फेडीची सोय लावून, उघडपणे काढलेलं कर्ज मला धर्माचं वाटतं. तहान पुढं ढकलून वाचवलेला पैसा मला धर्माचा वाटत नाही.

दुष्काळाचा विषय निघाला की दामाजीपंत आठवतातच. बीदरच्या सुलतानाचे मंगळवेढ्याचे कमाविसदार. भुकेल्यांसाठी त्यांनी सरकारी कोठारं उघडली, मंजुरी न घेता. विठूनं महाराचं रूप घेऊन बीदरला धान्याची किंमत भरली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मी त्या कथेत आणखी एक गोष्ट पाहतो. विठ्ठलानं सुलतानाला असं सांगितलं नाही की काम पुण्याचं होतं, पैसे सोडून दे. त्यानं पुरती रक्कम मोजली आणि पावती घेतली. कथेप्रमाणं ती पावती दामाजींना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडली. करुणेनं कोठार उघडलं तरी ते पुन्हा भरण्याची जबाबदारी संपत नाही, आणि ती प्रत्यक्ष देवालाही सुटलेली नाही, असं आपल्या लोकांनी मानलं.

मंजुरी देणारं सरकार तरी कुठं निःस्वार्थी आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. सत्ता एकाच पक्षाची असेल तर फाईल लवकर सरकते, नसेल तर पडून राहते. राज्य स्वतः कर्ज काढतं, आणि केंद्राचं देणं बाकी असेल तर घटनेच्या कलम 293 प्रमाणं त्यालाही केंद्राची संमती लागते. 74 व्या घटनादुरुस्तीनं शहरांना स्वराज्य देण्याची भाषा केली, आणि तरी 2022 पासून नांदेड आणि लातूर दोन्ही महापालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या, लोकांनी निवडलेलं सभागृहच नव्हतं. अशा काळात तर वरची मंजुरी आणि खालचा प्रस्ताव दोन्ही अधिकाऱ्यांचेच असतात. पुण्यासारख्या महापालिकेनं 2017 मध्ये पाणीयोजनेसाठी 200 कोटींचे रोखे विकले, तिथं निदान बाजारानं तिचा हिशेब तपासला. लातूरला ती वाट सध्या तरी लांबची आहे. म्हणून वरून येणाऱ्या मंजुरीवर विसंबून चालणार नाही. न जन्मलेल्यांची बाजू गावातल्या गावात कुणीतरी मांडावी लागेल.

आमच्या भागात मुस्लिम घरांत मय्यत झाली की जनाज्याच्या नमाजेआधी घोषणा होते: मयताकडून कुणाचं काही येणं असेल तर त्यांच्या मुलांना भेटावं. पैगंबर साहेबांपुढं एका कर्जदाराचा जनाजा आला, तेव्हा एका सोबत्यानं ते कर्ज अंगावर घेईपर्यंत त्यांनी नमाज पढवली नाही, असं त्यांच्या हदीसमध्ये सांगितलं आहे. कब्रस्तानाकडं निघण्याआधी देणं कुणाच्या अंगावर आहे हे चारचौघांत स्पष्ट करायचं. मुदत संपून पायउतार होणाऱ्या कुठल्या सभागृहानं कधी असं केलं आहे? देणी तशीच ठेवून निरोपसमारंभ होतात, नारळ आणि शाल वाटली जाते, आणि नवीन सभागृह पहिल्या दिवशी जुन्या थकबाकीवर बसतं.

नांदेड आणि लातूरच्या महापालिकांनी, आणि या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक नगरपालिकेनं, अर्थसंकल्पाला एक पान जोडावं. त्यावर मंजूर कर्ज किती, त्याची मुदत कधी संपते, सिंकिंग फंडात किती जमा आहे, आणि वीज, पाणी, ठेकेदार, निवृत्त कर्मचारी यांची थकीत देणी किती, एवढं लिहावं. प्रभागाच्या कार्यालयात ते पान भिंतीवर लावावं. सभागृहाची मुदत संपताना ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखवावं. यासाठी नवा कायदा नको, एका ठरावानं होतं. आणि ठराव होत नसेल तर वाचकांपैकी कुणीही ही माहिती मागू शकतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.